सलग ३६ बॅटर बाद करूनही पिचर हरला. हॅडिक्सची १९५९ ची मॅच नक्की गेली कुठे?

निनाद_मिलवॉकी

नमस्कार मंडळी. मिलवॉकीत राहून बरीच वर्षं झाली, पण बेसबॉल कधी मन लावून पाहिला नव्हता. यंदा लेक मुलांच्या लीगमध्ये खेळायला लागली आणि माझे शनिवार मैदानावर जायला लागले. मैदान म्हणजे हेल्फेअर फील्ड. ब्रूअर्सच्या मोठ्या स्टेडियमला लागूनच आहे. पूर्वीचं काउंटी स्टेडियम पाडलं, त्याच जागेवर हे मुलांसाठी बांधलंय.

लेकीच्या टीममधल्या एका मुलाचे आजोबा तिथे नियमाने येतात. त्यांनी सांगितलं ते असं: २६ मे १९५९ च्या रात्री याच जागी पिट्सबर्ग पायरेट्सच्या हार्वी हॅडिक्सने मिलवॉकी ब्रेव्हजचे सलग ३६ बॅटर बाद केले. बारा इनिंगमध्ये एकही माणूस पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंतही, पोचला नाही. आणि तेराव्या इनिंगमध्ये हॅडिक्स १-० ने हरला! आजोबा तेव्हा शाळेत होते, अंथरुणात रेडिओ घेऊन ऐकत होते. ते ब्रेव्हजचे पक्के, पण आजही हळहळतात. त्यांच्या मते सगळा दोष पायरेट्सच्या तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकचा. त्याने एक चेंडू नीट फेकला असता तर हॅडिक्स जिंकला असता.

माझं डोकं क्रिकेटवर वाढलेलं. एकालाही बेसवर जाऊ न देणारा पिचर हरतो कसा, हे मला अजून उमगत नाही. शेवटचा फटका कुंपणाबाहेर गेला होता म्हणतात. मग बेसवरची सगळी माणसं घरी यायला हवीत, १-० कसं? आणि आजोबा म्हणाले की ही कामगिरी आता 'परफेक्ट गेम'च्या अधिकृत यादीत नाही. ती का काढली? इथे कुणाला या मॅचची नीट माहिती असेल तर सांगा. शनिवारी आजोबांशी बोलायचंय.

अमोघ_के

तेरावी इनिंग सांगतो, म्हणजे स्कोअरचा उलगडा होईल.

परफेक्ट गेम म्हणजे समोरच्या टीमचा एकही बॅटर कोणत्याही मार्गाने बेसवर न पोचणं. नऊ इनिंगमध्ये तीन-तीन असे २७ बाद. हॅडिक्सने २७ झटपट उडवले, पण त्याच्या टीमलाही धाव मिळाली नव्हती, म्हणून ०-० वर खेळ पुढे चालू राहिला. दहावी, अकरावी, बारावी, प्रत्येक वेळी तीन आले, तीन गेले.

तेराव्यात ब्रेव्हजचा पहिला बॅटर फेलिक्स मांतिया. त्याने होककडे साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका, मारला. होकने चेंडू उचलला, फेकला, पण थ्रो खाली आला आणि पहिल्या बेसवरच्या रॉकी नेल्सनला आवरला नाही. एरर. परफेक्ट गेम तिथे संपला, पण हिट (बॅटरने स्वतःच्या फटक्यावर बेस गाठणं) अजून एकही नव्हती, कारण मांतिया आला तो फील्डरच्या चुकीने. पुढे एडी मॅथ्यूजने बंट करून (चेंडू हलकेच समोर टेकवून, स्वतः बाद होऊन) मांतियाला दुसऱ्या बेसवर सरकवलं. हँक ॲरनला मुद्दाम वॉक, म्हणजे न मारता पहिला बेस, दिला. मग ज्यो ॲडकॉक आला आणि त्याने स्लायडर (वेगात बाजूला वळणारा चेंडू) उचलून उजव्या-मधल्या कुंपणापलीकडे टाकला.

मांतिया घरी आला. पण ॲरनला वाटलं चेंडू कुंपणाच्या आतच पडलाय आणि मांतियाची धाव झाली म्हणजे मॅच संपली. तो दुसऱ्या बेसला पाय लावून सरळ डगआउटकडे वळला. ॲडकॉक मात्र पळत राहिला आणि ॲरनच्या पुढे गेला. पुढच्या रनरला ओलांडलं की मागचा बाद, हा नियम. त्या रात्री धावा किती धरायच्या यावरच गोंधळ उडाला. दुसऱ्या दिवशी नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरेन जाइल्स यांनी निकाल दिला: ॲडकॉकचा होम रन (कुंपणापलीकडचा, सगळ्यांना घरी आणणारा फटका) नाही, डबल (दोन बेसची हिट). धाव एकच. १-०.

आजोबांचं होकबद्दलचं म्हणणं मलाही पटतं. तो थ्रो सरळ गेला असता तर सलग ३७ झाले असते.

सुलभाताई_पिट्सबर्ग

अमोघ, तेरावी इनिंग तू छान सांगितलीस. पण निनाद, तुझ्या त्या आजोबांशी माझं भांडण आहे. होकने ही मॅच घालवली नाही. मॅच गेली तिसऱ्या इनिंगमध्ये, आणि त्यानंतर पायरेट्सच्या बॅटर्सनी ती तेराव्यापर्यंत थोडी थोडी घालवत नेली.

मी हे इतकं ठासून का म्हणते ते सांगते. दादरहून लग्न करून मी पिट्सबर्गला आले ती १९७० च्या दशकात. आमचे घरमालक पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. संध्याकाळी मागच्या पायऱ्यांवर बसायचे, केडीकेए रेडिओवर पायरेट्सची मॅच लावायचे आणि मांडीवर पुठ्ठा घेऊन शिसपेन्सिलीने स्कोअरशीट भरायचे. मला बेसबॉल त्यांनी शिकवला. आधी नियम नाहीत, आधी स्कोअरशीट. जो लिहितो त्यालाच मॅच दिसते, असं त्यांचं मत होतं आणि ते मला आजही पटतं.

त्यांच्याकडे या मॅचचा त्यांनी स्वतः रेडिओवरून लिहिलेला कागद होता. तो त्यांनी माझ्यासमोर उलगडला तेव्हा मला वाटलं, आता हॅडिक्सची कौतुकं ऐकायला मिळणार. ब्रेव्हजच्या बाजूला ३६ चौकोन आणि एकाही चौकोनात बेसकडे जाणारी रेघ नाही. नऊ बॅटिंग जागा, प्रत्येक जागा चारदा आली आणि चारदा परत गेली. म्हणूनच तेरावी इनिंग पुन्हा पहिल्या जागेपासून सुरू झाली. पण त्यांनी बोट ठेवलं ते दुसऱ्या बाजूवर, पायरेट्सच्या. म्हणाले, ही बाजू कुणी वाचत नाही.

त्या बाजूला बारा हिट्स होत्या. बारा! आणि बाराही सिंगल्स. प्रत्येक रेघ पहिल्या बेसपर्यंत काढलेली. ब्रेव्हजचा पिचर लू बर्डेट याने तेरा इनिंगमध्ये एकही वॉक दिला नाही. म्हणजे त्याच्यासमोर बेसवर पोचलेली माणसं बारा. त्यांतली तीन डबल प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोघे बाद) गेली, एक तिसऱ्या बेसकडे पळताना बाद झाला आणि उरलेले आठ बेसवर उभे राहून इनिंग संपताना परत फिरले. तीन, एक, आठ. हिशेब पुरा, आणि धाव शून्य.

तो जो एक, तोच मला डाचतो. तिसरी इनिंग. पायरेट्सचा रोमान मेहियास पहिल्या बेसवर. बॅटिंगला खुद्द हॅडिक्स. (त्या काळी पिचरही बॅटिंग करत, नॅशनल लीगने ते २०२२ पासून पूर्णपणे बंद केलं.) हॅडिक्सने चेंडू बर्डेटच्या पायावर मारला, तो उडून बाजूला गेला, हॅडिक्स पहिल्या बेसवर सुखरूप. मेहियासने दुसऱ्या बेसवर थांबायचं होतं. तो थांबला नाही, तिसऱ्याकडे निघाला आणि बाद झाला. लगेच पुढच्या बॅटरने, डिक स्कोफिल्डने, सिंगल मारली आणि त्यावर हॅडिक्स पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर पोचला. आता तुम्हीच सांगा, मेहियास दुसऱ्या बेसवर असता तर त्या सिंगलवर तो कुठे असता? घरी. बिल व्हर्डनचा फटका हवेत झेलला गेला आणि इनिंग संपली. एका इनिंगमध्ये तीन सिंगल्स आणि धाव शून्य. पायरेट्सची ती एक धाव तिथे आली असती तर नवव्या इनिंगअखेर हॅडिक्सचा परफेक्ट गेम १-० ने पुरा झाला असता. दहावी इनिंगच झाली नसती, मग तेरावी कुठली आणि होकचा थ्रो कुठला!

मेहियास त्या रात्री उजव्या फील्डमध्ये होता तोही का, तर रॉबर्टो क्लेमेंटेचा हात दुखावला होता म्हणून. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागी, डिक ग्रोट नव्हता, त्याच्या जागी स्कोफिल्ड. अशी तुटकी टीम घेऊन हॅडिक्स उतरला होता. स्वतः तापाने आणि खोकल्याने बेजार. वय ३३. लहान चणीचा डावखुरा. सेंट लुइसमध्ये तरुण असताना हॅरी ब्रेचीन नावाचा डावखुरा त्याच्या टीममध्ये होता. त्याला 'कॅट' म्हणत, म्हणून त्याच्यासारखाच दिसणारा हा 'किटन'.

सातव्यात बॉब स्किनरने उजवीकडे जोरदार फटका मारला. वारा आत वाहत होता. ॲरनने तो कुंपणाला टेकून झेलला. दहाव्यात मेहियासच्या जागी डिक स्टुअर्ट बॅटिंगला पाठवला. हा माणूस चेंडू लांब मारण्यासाठीच ओळखला जाई. त्याने मारलाही, पण मधल्या फील्डमध्ये खोल झेल. त्याच्या जागी मग उजव्या फील्डमध्ये ज्यो क्रिस्टोफर आला. त्या मुलाची मोठ्या लीगमधली ती पहिलीच मॅच. पदार्पण कसल्या रात्री झालं पाहा!

आणि समोर कोण होते? १९५७ आणि १९५८ असं लागोपाठ दोनदा नॅशनल लीग जिंकलेली टीम. ॲरनने त्या सीझनला .३५५ ची सरासरी काढून लीगमध्ये पहिला नंबर मिळवला. मॅथ्यूजने ४६ होम रन मारले, तोही लीगमध्ये पहिला. ॲडकॉकने १९५४ मध्ये ब्रुकलिनमध्ये एकाच मॅचमध्ये चार होम रन मारलेले. या लोकांना हॅडिक्सने फास्टबॉल आणि स्लायडर, एवढ्या दोनच हत्यारांवर बारा इनिंग थोपवून धरलं. आठ स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न मारताच बाद. नवव्या इनिंगनंतर मिलवॉकीच्या प्रेक्षकांनी, म्हणजे विरुद्ध टीमच्या लोकांनी, त्याला टाळ्या दिल्या. १९,१९४ माणसं होती त्या रात्री. निनाद, तुझे आजोबा हळहळतात ते मला म्हणूनच मनापासून आवडलं.

आता होक. हॅडिक्स, कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) स्मोकी बर्जेस आणि डॉन होक हे तिघेही सिनसिनाटीहून पिट्सबर्गला एकाच सौद्यात आले, त्याच वर्षी जानेवारीत. मॅचआधीच्या बैठकीत हॅडिक्सने ब्रेव्हजच्या एकेका बॅटरला कसं टाकणार ते सांगितलं, आणि होकच म्हणाला होता की असं टाकलंस तर तू नो-हिटर (एकही हिट न देता पुरी मॅच) टाकशील, असं सांगतात. होक बारा इनिंग उभा राहिला आणि एक चेंडू खाली गेला. तेराव्या इनिंगपर्यंत त्याला उभं कुणी ठेवलं? त्या आठ जणांनी, तीन डबल प्लेंनी आणि तिसऱ्या बेसकडे निघालेल्या मेहियासने. आमच्या घरमालकांच्या कागदावर होकच्या एररपुढे काहीच खूण नव्हती. तिसऱ्या इनिंगवर मात्र दोनदा गोल केला होता.

कसब्यातला_स्कोअरर

सुलभाताई, वाचून अंगावर काटा आला. मी पुण्यात क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग करतो, त्यामुळे 'जो लिहितो त्यालाच मॅच दिसते' हे घरी लिहून लावणार आहे.

दोन गोष्टी विचारतो. पहिली, मला होक एवढा सुटेल असं वाटत नाही. पायरेट्सनी धावा केल्या नाहीत हे खरं, पण ब्रेव्हजनीही केल्या नव्हत्या. ०-० वर मॅच दोघांचीही असते. बॅटर्सनी चूक केली म्हणून फील्डरची चूक पुसली जात नाही, आम्ही तरी तशी पुसत नाही. दुसरी, निनादच्या प्रश्नातला यादीचा भाग राहिला. मला स्कोअरर म्हणून वाटतं की यादीतून काढणं बरोबर आहे. पुस्तकात मॅच जशी संपली तशी नोंदवायची. ही परफेक्ट संपली नाही. आणखी काय?

सुलभाताई_पिट्सबर्ग

तुमचा पहिला मुद्दा मान्य करण्याजोगा आहे, चूक पुसली जात नाही. ती कागदावर एरर म्हणून आहेच आणि राहीलच. माझं म्हणणं वजनाबद्दल आहे. फील्डरच्या तीन डझन संधींतली एक हुकली, ती सगळ्यांना पाठ आहे. धाव करण्याच्या बारा संधी हुकल्या, त्यातली एकही कुणाला आठवत नाही. हा अन्याय आहे आणि मी ऐकून घेणार नाही.

आणि ज्याची जास्त आठवण व्हायला हवी तो बर्डेट. तेरा इनिंग पूर्ण टाकल्या त्यानेही. १९५७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजविरुद्ध तीन मॅच एकट्याने जिंकलेला माणूस. त्या रात्री बारा हिट्स खाल्ल्या, पण बेसवर माणूस आला की त्याचा चेंडू असा खाली पडायचा की बॅटर तो जमिनीवरच मारणार. म्हणून तर तीन डबल प्ले. हॅडिक्सने माणूस बेसवर येऊच दिला नाही. बर्डेटने येऊ दिला आणि घरी जाऊ दिला नाही. मला दोन्ही तितकंच अवघड वाटतं. मॅच संपल्यावर त्याने हॅडिक्सला फोन केला आणि इतक्या सुंदर पिचिंगनंतर हरावं लागलं याबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं.

यादीचं. १९९१ मध्ये कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या समितीने व्याख्या घट्ट केली: नऊ किंवा जास्त इनिंगची मॅच, आणि ती संपेपर्यंत एकही हिट नाही, तरच नो-हिटर. त्यामुळे हॅडिक्सची रात्र परफेक्ट गेममधूनही गेली आणि नो-हिटरमधूनही, कारण ॲडकॉकची डबल हिट होती. हॅडिक्स तेव्हा हयात होता. मी काय केलं ते मला ठाऊक आहे, एवढंच तो म्हणाला. १९९४ च्या जानेवारीत तो गेला. व्याख्या तर्काला धरून आहे, तिथे मी तुमच्याच बाजूची. पण बाकीचे परफेक्ट गेम २७ बादचे आहेत आणि याचे ३६. ज्या यादीत ३६ ला जागा नाही, ती यादी वाचताना मी हे लक्षात ठेवते.

निनादने विचारलं नाही, पण सांगते. यानंतर असं जवळजवळ दोनदा झालं. १९९५ मध्ये माँट्रियलच्या पेद्रो मार्टिनेझने सॅन डिएगोविरुद्ध नऊ इनिंग परफेक्ट टाकल्या, दहाव्यात बिप रॉबर्ट्सने डबल मारली. मार्टिनेझची टीम १-० ने जिंकली तरी. आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये, इथे आमच्या पिट्सबर्गच्या पीएनसी पार्कवर, डॉजर्सचा रिच हिल. हाही डावखुरा. आठ इनिंग परफेक्ट. नवव्यात तिसऱ्या बेसवरच्या लोगन फॉरसाइथकडून एरर. पुन्हा तिसरा बेस! नो-हिटर शाबूत राहिला, डॉजर्सना धाव मिळेना, आणि दहाव्यात आमच्या जॉश हॅरिसनने पहिल्याच बॅटिंगला होम रन मारून मॅच संपवली. १-०. मी टीव्हीसमोर होते. आमची टीम जिंकली आणि मला आनंद पुरता होईना, कारण डोळ्यांसमोर हॅडिक्स. दुसऱ्या दिवशी पेपरात फॉरसाइथची एरर मोठी, डॉजर्सच्या बॅटर्सची शून्य धाव बारीक. ५८ वर्षांनी तेच.

अमोघ_के

ताई, मी माझं मत बदलतोय असं वाटतं. मेहियासचा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

एक भर घालतो. १९८९ मध्ये ब्रेव्हजचा जुना पिचर बॉब बुल याने उघड केलं की त्या रात्री ब्रेव्हज खुणा चोरत होते, म्हणजे कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर पिचरला बोटांनी सांगतो त्या. कॅचर बर्जेस जाडजूड, त्याला खाली पुरतं बसता येत नसे, त्यामुळे त्याच्या बोटांच्या खुणा बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर बसतात तिथून, दिसायच्या. बुलपेनमधले पिचर टॉवेल इकडचा तिकडे करून बॅटरला कळवायचे, फास्टबॉल येतोय की वळणारा चेंडू. म्हणजे पुढचा पिच कोणता ते ठाऊक असूनही त्यांना बारा इनिंग काही करता आलं नाही! एकटा ॲरन या खुणा घेत नसे.

निनाद_मिलवॉकी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कालच जुना बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) शोधून समोर ठेवला आणि पायरेट्सची बाजू आधी वाचली. बारा हिट्स आणि पुढे ते शून्य. खरंच पोटात कसंतरी होतं.

त्यातलं एक कळलं नाही. हॅडिक्सच्या नावापुढे १२ पूर्णांक दोन-तृतीयांश इनिंग लिहिल्यात. तेराव्यात तर एकच जण बाद झाला होता ना, बंटवर मॅथ्यूज? मग एक-तृतीयांश हवं. आणि त्याच्या एक धावेपुढे 'अर्न्ड' रकान्यात शून्य का? पिट्सबर्गकरांनी होकला पुढे काय केलं, तेही सांगा.

सुलभाताई_पिट्सबर्ग

शाब्बास. हे दोन आकडे बघून थांबलास म्हणजे तुला स्कोअरशीट लागली.

होकचं आधी. काही केलं नाही. पुढच्याच सीझनला, १९६० मध्ये, पायरेट्स नॅशनल लीग जिंकले आणि तिसऱ्या बेसवर होकच होता. यांकीजविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच १३ ऑक्टोबरला फोर्ब्स फील्डवर झाली. नवव्या इनिंगमध्ये हॅडिक्स पिचिंगला आला, यांकीजनी ९-९ अशी बरोबरी साधली, आणि इनिंगच्या खालच्या अर्ध्यात, म्हणजे पायरेट्सच्या बॅटिंगच्या पाळीत, बिल मॅझरॉस्कीने होम रन मारला. १०-९. जिंकणारा पिचर म्हणून नोंद हार्वी हॅडिक्सची. पाचवी मॅचही त्यानेच जिंकून दिली होती. मॅझरॉस्की १९५९ च्या त्या रात्रीही दुसऱ्या बेसवर होता, बर्जेस कॅचर, व्हर्डन, नेल्सन, स्किनर, स्कोफिल्ड, सगळे त्याच टीमचे. फोर्ब्स फील्डच्या भिंतीचा तुकडा पिट्सबर्ग विद्यापीठाच्या आवारात अजून उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमून त्या मॅचचं रेडिओ प्रसारण पहिल्यापासून लावतात. घरमालकांबरोबर मी आणि माझे यजमान तिथे जात असू. ते गेल्यावरही जातो. निनाद, त्या सुमाराला पिट्सबर्गला आलास तर आमच्याकडेच उतर, हॉटेल शोधू नकोस.

आता तुझे आकडे. ॲडकॉक ॲरनला ओलांडून गेला ना, तो बाद धरला. त्याच्या चौकोनात डबलही लिहायची आणि बादही. म्हणून तेराव्यात बाद दोन: मॅथ्यूज आणि ॲडकॉक. बारा इनिंग आणि दोन बाद, म्हणजे दोन-तृतीयांश. हॅडिक्सच्या खात्यातला शेवटचा बाद त्याला कुंपणापलीकडे मारणाऱ्या माणसाचाच आहे. ॲरन 'बेसवर राहिलेला' म्हणून नोंदला जातो, आणि संपूर्ण मॅचमध्ये ब्रेव्हजचा बेसवर राहिलेला तेवढाच एक.

आणि अर्न्डमध्ये शून्य यासाठी की मांतिया बेसवर आला तो एररने. फील्डरच्या चुकीने आलेल्या माणसाची धाव पिचरच्या माथी मारत नाहीत. तेव्हा त्या रात्रीचा हॅडिक्सचा पूर्ण हिशेब कागदावर असा मांड: इनिंग १२ आणि दोन-तृतीयांश, हिट १, वॉक १, तोही मुद्दाम दिलेला, स्ट्राइकआउट ८, धाव १, अर्न्ड शून्य, हार. शनिवारी आजोबांना हा रकाना दाखव आणि त्याच्या शेजारी पायरेट्सची तिसरी इनिंग ठेव. मग होकबद्दल ते काय म्हणतात ते मला इथे कळव.